चार गल्ल्यांवरची मनिऑर्डर

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर फिटर असलेला देवराव गोतमारे दर महिन्याच्या आठ तारखेला कॉलनीच्या पोस्टात जाऊन चाळीस रुपयांची मनिऑर्डर करायचा. पाठवणारा देवराव, क्वार्टर नंबर एकशे सोळा. घेणारा रुपराव, क्वार्टर नंबर एकशे एकोणनव्वद. मध्ये फक्त चार गल्ल्या. चालत गेलं तर हातातली विडी संपायच्या आत माणूस पोचावा. एकदा पोस्टमास्तरच म्हणाले, "गोतमारेजी, कमिशन कायले भरता? हातानं नेऊन द्या ना!" देवरावने मान खाली घालून पावती घेतली आणि लांबच्या रस्त्याने, राखेच्या तळ्यामागून, घरी गेला.

वेडेपणा म्हणाल तर होताच. पण तो एका दिवसात आलेला नव्हता.

देवरावची बायको सुभद्रा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेली. पोरबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले, त्याने कानावर घेतलं नाही. त्याला तशी गरजही वाटत नव्हती, कारण रुपराव होता. रुपराव कोळशाच्या यार्डात क्रेन चालवायचा. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले. रविवारी देवरावने रुपरावकडे जेवायचं हे ठरलेलंच होतं. रुपरावची बायको कौशल्या बेसनाच्या पाटवडीचा रस्सा असा तिखट करायची की देवरावच्या नाकाडोळ्यांतून धार लागायची, आणि ती म्हणायची, "रडा भाऊजी, रडा. तेवढंच तोंड धुवून होईल." असं हसणं-खिदळणं होतं, आणि देवरावचं सगळं जग त्या एका स्वयंपाकघरात मावत होतं.

मग त्र्याहत्तर साली त्याच्या डोक्यात वारं शिरलं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं की अमक्याने संत्र्याचा बहार घेतला आणि एका हंगामात पाच हजार कमावले. बहार घेणं म्हणजे झाडावरची फळं तोडणीच्या आधीच ठोक रकमेत विकत घ्यायची, राखायची, आणि तोडून बाजारात न्यायची. साधलं तर सोनं. देवरावला झाडाचं काही कळत नव्हतं, पाना-हातोड्याचं कळत होतं. पण शहाणपण सांगायला घरात होतं कोण? नरखेडजवळचा एक बगीचा त्याने पाहिला, हिरवी फळं पाहून हुरळला. नागपूरच्या संत्रा मार्केटमधल्या एका अडत्याकडून तीन हजारांची उचल घेतली आणि कामगारांच्या पतसोसायटीतून दोन हजारांचं कर्ज. सोसायटीला दोन जामीनदार लागायचे. एक झाला नत्थूजी, त्याच्याच पाळीतला. दुसरा रुपराव.

रुपराव जेवत होता. म्हणाला, "तुया हिशेब मले काही समजत नाही गा. पण तू म्हणतं तं आण इकडे." डाव्या हाताने कागद धरून, न वाचता, उष्टा हात पुसून त्याने सही केली. कागदावर हळदीचा डाग पडला म्हणून कौशल्या ओरडली.

देवराव बिनपगारी रजा टाकून बगीचा राखायला गेला. फेब्रुवारीत, तोडणीला दहा दिवस राहिले असताना, वीस मिनिटं गार पडली. सुपारीएवढी. झाडाखाली संत्र्यांचा चिखल झाला.

इथवर नशीब म्हणता येईल. पुढचं मात्र त्याने स्वतः केलं, आणि त्याला माफी नाही. तो परत आलाच नाही. पांढुर्ण्याला बहिणीकडे जाऊन तोंड लपवून बसला, सात महिने. दोन ओळींचं पत्रही नाही. कर्ज घेणाऱ्याचा पगार नाही तर सोसायटी जामीनदारांना धरते. रुपरावच्या आणि नत्थूजीच्या पगारातून महिन्याला ऐंशी ऐंशी रुपये कापले जाऊ लागले. त्या वर्षी रुपरावच्या घरी दिवाळीला कपडे आले नाहीत.

शेवटी बहीणच म्हणाली, "जा दादा, आता तुले पाहून माहीच पोरं भेऊन राहिली." तेव्हा तो आला. चौकशी झाली, एक वेतनवाढ बंद झाली, नोकरी वाचली. अडत्याने मात्र कोर्टातून पगारजप्तीचा हुकूम आणला होता, म्हणून जामीनदारांची कपातही अकरा महिने चालली. पहिल्याच पगाराला खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "गोतमारे, जप्तीवाले तुम्हीच ना?" मागे रांगेत तीसेक माणसं होती. त्या दिवसापासून कॉलनीत त्याचं नाव जप्तीवाला पडलं.

नत्थूजीने त्याला टाइम ऑफिससमोर गाठून आईबहिणीवरून शिव्या घातल्या. ते बरं झालं. देवरावने त्याला पोट मारून, दर पगाराला तीस-चाळीस करत, दोन वर्षांत सगळे पैसे हातात मोजून दिले. मग नत्थूजी रिटायर होऊन गावी गेला, आणि जाताना "चाल बे, ठीक हाय" म्हणाला. रुपरावने मात्र एक शब्द काढला नाही. तो समोरून आला की देवराव दुसऱ्या फाटकाने बाहेर पडायचा. पाळी बदलून घ्यायचा. रविवार तर नकोच वाटायचा. सकाळी भाताचं आधण ठेवायचं, उभ्या उभ्या जेवायचं आणि दुपारभर छताकडे पाहत पडायचं. गल्लीत कुणाकडे पाटवडी शिजली की तो खिडकी लावून घ्यायचा.

चोवीस महिन्यांनी पगार पूर्ण आला. क्लार्क म्हणाला, "कायद्यानं याच्या पुढं कापता येत नाही. सुटले तुम्ही." पण अडत्याचे साडेआठशे अजून बाकी होते. देवराव दर महिन्याला सावनेरच्या एसटीने नागपूरला जाऊन ते देत राहिला. अडत्या नोटा उजेडात धरून पाहायचा. बस म्हणायचा नाही.

आणि रुपरावला मनिऑर्डर. फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहायला कोरी जागा असते. कूपन म्हणतात. ते घेणाऱ्याकडे राहतं. देवराव तिथे पेन टेकवून थांबायचा, काय लिहावं सुचायचं नाही, आणि मागे रांग वाढली की तसंच कोरं देऊन टाकायचा. आठवड्याने पोच यायची, तिच्यावर रुपरावची सही. रु मोठा, बाकीची अक्षरं त्याच्यामागे धावत सुटलेली. त्या पोचा तो बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. एका महिन्यात सही थरथरलेली आली. देवरावला दोन दिवस अन्न गेलं नाही. पोस्टमनला गाठून विचारलं तेव्हा कळलं, रुपरावला टायफॉइड झाला होता, आता बरा आहे. चार गल्ल्यांवर जिवलग माणूस तापाने फणफणत होता आणि याला पोस्टमनकडून कळलं! त्या रात्री देवराव खूप रडला.

बावीस मनिऑर्डरी झाल्या, रुपरावच्या पगारातून कापलेले आठशे ऐंशी फिटले. अडत्याचंही मिटलं. एकोणऐंशीच्या जानेवारीत सोसायटीचे सेक्रेटरी दादाजी यांनी थकबाकीदारांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. सहज म्हणाले, "आता तुम्ही चोख झाले. कर्जाले पात्र. दोन जामीनदार आणले की झालं."

देवरावला पैशांची काडीची गरज नव्हती. खाणारं तोंड एकच. तरी त्याने फॉर्म मागितला. रक्कम लिहिली तीनशे. कारणापाशी अडला, मग रेडिओ लिहिलं. आपल्या नावापुढे कुणी सही करतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

महिनाभर तो फॉर्म खिशात घेऊन फिरला. कुणी म्हणालं, माझ्या अंगावर आधीच दोन जामिनक्या आहेत. कुणी म्हणालं, घरी विचारून सांगतो. त्याच्याच हाताखाली काम शिकलेला एकजण हसत म्हणाला, "उस्ताद, रोख घ्या ना रेडिओ." कुणी उद्धट बोललं नाही. सगळे गोड बोलून सटकले. फॉर्म घामाने घड्यांवर फाटायला आला. एकच दार उरलं होतं.

रविवारी सकाळी दाढी करून तो निघाला. चार गल्ल्या चालायला त्याला पाऊण तास लागला. दोनदा परत फिरला.

दार कौशल्याने उघडलं. केस पांढरे झाले होते तिचे. ती बाजूला झाली. रुपराव खाटेवर पेपर वाचत होता. देवरावने उभ्यानेच फॉर्म पुढे केला. रुपरावने तो वरपासून खालपर्यंत वाचला. या वेळी शब्दन्‌शब्द वाचला.

"रेडिओ?"

"हो."

"तुले रेडिओ कायले पाहिजे?"

देवराव म्हणाला, "रेडिओ नाही पाहिजे गा मले. पैशेही नाही पाहिजेत. सही पाहिजे होती."

रुपराव खाटेवरून उठला. फळीवरच्या देवाच्या फोटोमागून त्याने दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि देवरावच्या हातात आदळला. मनिऑर्डरची कूपनं. बावीस.

"पाय," तो ओरडला. पाच वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. "एकेक उलटून पाय! कोरं, कोरं, कोरं! पोस्टमन आला की पैशे खाटेवर टाको अन् आधी हे उलटून पाहो मी. आज लिवलं असन, उद्या लिवन. मी काय परदेशात राहतो का रे? गार पडली तं पडली, पैशे कापले तं कापले. मले येऊन सांगितलं काहून नाही तू? मेला का जगला, तेही नाही! तुया जामीन मी पैशासाठी झालतो का?"

 देवराव कूपनं हातात धरून लहान पोरासारखा हुंदके देत उभा राहिला.

रुपरावने खिशातलं पेन काढलं. एक कूपन ओढून स्टुलावर ठेवलं. "बस. आधी हे भर. मंग सहीचं पाहू."

देवराव बसला. पेन टेकवून पहिल्यासारखाच थांबला. पण इथे मागे रांग नव्हती. बऱ्याच वेळाने त्याने एक ओळ लिहिली आणि कूपन पुढे सरकवलं.

रुपरावने ते वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग सोसायटीचा फॉर्म ओढून त्याने पहिल्या जामीनदाराच्या जागी सही केली. रु मोठा, बाकीची अक्षरं मागे धावणारी.

कौशल्याला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं जी त्यायनं?" ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

रुपरावने मोठ्याने वाचलं, "रविवारी जेवाले येतो."

"मंग आज कोणता वार हाय?" कौशल्या म्हणाली आणि बेसन काढायला आत गेली.

दुसऱ्या जामीनदाराची जागा तशीच राहिली. देवरावने तो फॉर्म सोसायटीत कधी नेलाच नाही.