सरकत्या जिन्याच्या शेवंताबाई

शेवंताबाई माणसाकडे पायाकडून वर बघत जायच्या. आधी चप्पल, मग टाचा, मग साडीचा काठ आणि सगळ्यात शेवटी, मन झालं तर, तोंड. गंगापूर रोडवरच्या आमच्या शॉपिंग सेंटरमध्ये सरकता जिना होता. त्याच्या पायथ्याशी निळी साडी नेसून उभं राहायचं आणि घाबरणाऱ्या बायकांना हात धरून पहिल्या पायरीवर चढवायचं, ही त्यांची नोकरी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरातला पहिला सरकता जिना, असं आमच्या जाहिरातीत म्हटलं होतं. खरंखोटं कोणी तपासलं नाही. माझ्या दिराचं कॅसेटचं दुकान जिन्याच्या बरोबर समोर होतं आणि गल्ल्यावर मी बसायचे, त्यामुळे बाईंचा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळे.

रविवारी निफाड-लासलगावकडची माणसं नुसता जिना बघायला यायची. निम्म्या बायका देवळात शिरावं तशा खाली चपला काढायच्या आणि अनवाणी वर पोचायच्या. बाई त्या चपला दोन बोटांत उचलून पायरीवर ठेवून द्यायच्या. "जा गं बयांनो, मालकिणीच्या मागं!" चपला एकट्याच वर निघाल्या की सगळं सेंटर खिदळायचं आणि वरची बाई लाजेनं अर्धी व्हायची. कोणी पायरीला हात लावून नमस्कार केला, तर "देव नाय तो, मोटार हाय. पाया पडू नका, पाय उचला!" नवऱ्याचा दंड धरून थरथरणाऱ्या नव्या नवरीला त्या सगळ्यांदेखत सांगायच्या, "त्याला काय धरती? त्याचंच गुडघं वाजत्यात. हा कडंचा सरकता पट्टा धर." जीभ कसली, कोयता होता तो. पण बाईंचा हात मनगटाला बसला की कोणी पडायचं नाही, हेही खरं.

बाई विधवा. नवरा गेल्यावर माहेरी गेल्या, तर भावानं "माझं काय कोठार हाय का?" म्हणून वाटेला लावलं. सेंटरच्या मागे जनरेटरशेजारी एक खोली होती, ती नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोली जाणार आणि खोली गेली की रस्ता, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मला म्हणायच्या, "ताई, लोकं पट्टा धरत्यात. मी जिना धरलाय."

पुढे वरच्या मजल्यावरच्या साडीवाल्यांनी तक्रार केली. ही खेडवळ गर्दी काही घेत नाही, नुसती घाण करते, चांगली गिऱ्हाइकं बिचकतात. मॅनेजर पाटणकरांनी लगेच हुकूम काढला, की हातात पिशवी किंवा पावती असल्याशिवाय कोणाला जिन्यावर सोडायचं नाही. हे काम बाईंच्या अंगात भिनलं. "काय घ्यायचंय?" असं दरडावून विचारायच्या. समोरचा म्हणे, "बघायला आलोय." "मग घरी जाऊन आरशात बघा!" स्वतः त्याच मातीतल्या, पण त्या माणसांना हाकलताना त्यांना जो जोर चढायचा, तो पाहून मला कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आठवायची. आणि संतापही यायचा.

असाच एक रविवार. कडक नवं लुगडं नेसलेली एक म्हातारी, बरोबर दोन शेजारणी, हातात फडक्यात बांधलेली द्राक्षं. तेच नाक, तीच हनुवटी; बाईंची आई आहे हे मी लांबून ओळखलं. लेकीनं जिन्याच्या बढाया मारल्या असणार, म्हणून म्हातारी शेजारणींना घेऊन दाखवायला आली होती. बाईंची नजर नेहमीसारखी पायांवर गेली. भेगाळलेल्या टाचा, द्राक्षबागेत राबून काळी पडलेली नखं. नजर तिथेच थांबली, वर आली नाही. वरच्या कठड्याला टेकून पाटणकर उभे होते.

"काय घ्यायचंय?"

म्हातारी हसली. तिला थट्टा वाटली. "अगं, मी..."

"काय घ्यायचंय ते सांगा, नायतर बाजूला व्हा. लोकं खोळंबलीत."

म्हातारीनं एकदा वर पाटणकरांकडे बघितलं, एकदा लेकीकडे. "चुकलं बाई," ती म्हणाली. "आमाला दुसऱ्या दुकानात जायचं व्हतं." आणि शेजारणींना ढकलतच ती बाहेर घेऊन गेली. वरून पाटणकर म्हणाले, "शाब्बास, शेवंता!"

दुकान बंद करताना मला राहवलं नाही. विचारलं, "आई होती ना तुमची?"

"पाय वळखलं मी," बाई म्हणाल्या. "तोंड बघितलं आसतं तर नोकरी गेली आसती."

गर्दी हटली आणि सेंटरची कळा गेली. ती फुकटी माणसंच खाली आइस्क्रीम घ्यायची, फुगे घ्यायची, माझ्याकडून भजनाच्या कॅसेटी न्यायची. साडीवाल्यांची ती 'चांगली गिऱ्हाइकं' काही आली नाहीत. रिकाम्या दुकानात कोण शिरतं? पुढे शहरात नवे, थंडगार हवेचे मॉल झाले आणि साडीवालेच सगळ्यात आधी तिकडे पळाले. एकेक शटर खाली आलं. छताचे पत्रे गळू लागले, वरच्या मजल्यावर पारव्यांनी संसार मांडले. विजेचं बिल परवडेना, म्हणून जिना बंदच ठेवायचा आणि गिऱ्हाईक आलं तरच चालू करायचा, असं ठरलं. बटणं पायथ्याशीच होती. माणूस चढला की हिरवं दाबायचं, वर पोचला की पाटणकर ओरडायचे, "बंद!" आणि बाई लाल दाबायच्या. उरलेला वेळ त्या दारात उभ्या राहून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायच्या, "या हो, पिशवी नको, पावती नको!" कोणी वळूनही बघत नसे. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्यांची कीव आली नाही.

शेवटी मुंबईची एक कंपनी सगळी इमारत भाड्यानं घेणार, अशी बातमी आली. साहेब लोक बघायला येणार होते. पाटणकरांनी सगळ्या नोकरांना जमवलं. "आपापली घरची माणसं आणा. चहा-वडा सेंटरकडून. गर्दी दिसली पाहिजे." हा सौदा झाला तर नोकरी राहणार, नाहीतर सगळ्यांना नारळ. बाई स्वतः गावी गेल्या आणि टेम्पो भरून बायका घेऊन आल्या. सगळ्यांत पुढे आई बसलेली. मागच्या वेळचा विषयही म्हातारीनं काढला नाही. बाईंनी तिचं मनगट धरलं, तिला पायरीवर चढवलं, "पट्टा धर" म्हणाल्या. वर पोचल्यावर म्हातारी पोरीसारखी हसली, साध्या जिन्यानं तुरुतुरु खाली आली आणि परत रांगेत उभी राहिली. असं किती वेळा केलं असेल कोण जाणे.

साहेब आले, माना हलवल्या, गेले. सगळ्या बायका वड्यांकडे धावल्या. वरून पाटणकर ओरडले, "झालं नाटक! बंद!"

बाईंचा हात सवयीनं लाल बटणावर गेला. त्यांनी वर बघितलंच नाही. म्हातारी अर्ध्या जिन्यावर होती. पट्टा सोडून, मागे वळून, खाली उभ्या असलेल्या लेकीकडे कौतुकानं बघत होती. जिना थांबला. म्हातारी थांबली नाही.

खुबा मोडला. कंपनीनं नकार कळवला आणि थोड्याच दिवसांत सेंटरला कुलूप लागलं. भाऊ म्हणाला, "मोडलं तिनं, सांभाळायचं बी तिनंच." गोठ्याशेजारची खोली त्यानं दोघींना दिली. नोकरीबरोबर गेलेलं छप्पर बाईंना आईच्या मोडक्या हाडानं मिळालं.

वर्षभरानं त्या बाजूला लग्नाला गेले होते, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गेले. म्हातारी खाटेवर पडून होती. मला बघताच तिची कळी खुलली. "लोकं झाडावरनं पडत्यात, बैलगाडीवरनं पडत्यात. मी लेकीच्या जिन्यावरनं पडले! हाय का गावात दुसरी कोणी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिची चूक नाय बरं ताई. तिनं सांगितलं व्हतं पट्टा धर. मीच येडी, हिच्याकडं बघत बसले."

बाई तिच्या अंगाखालची चादर बदलत होत्या. "गप पड की! तोंड दुखत नाय का तुझं?" त्या खेकसल्या. म्हातारी हसली.

मला सोडायला त्या दाराबाहेर आल्या. पहिल्यांदाच माझ्या पायांकडे न बघता त्यांनी सरळ तोंडाकडे बघितलं. "ताई, जलमभर लोकांना टोचून बोलले, कोणी उलटून बोललं नाय. वाटलं, ही तरी बोलंल. एक शिवी घाल म्हणून पाया पडले तिच्या. तर म्हणती, जिना लय झ्याक व्हता गं. वरीस झालं. रोज मारती मला म्हातारी, रोज."

तेवढ्यात एक शेजारीण आम्हाला ओलांडून आत गेली. आतून म्हातारीचा उत्साही आवाज आला, "ये, ये, बस. तुला जिन्याचं सांगितलं का मी?"

बाई बाहेरच थांबल्या. तिचं सांगून होईपर्यंत आत गेल्या नाहीत.