नालाचा कप्पा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळायला फार वर्षं उरली नाहीत.

घोडीवर बसण्याआधी माझा जोडीदार शिपाई खिसे रिकामे करायचा. तंबाखूची डबी, किल्ली, रुमालसुद्धा माझ्या हातात द्यायचा. खोगिराला डाव्या अंगाला जादा नाल ठेवायचा कडक कातडी कप्पा असे. तोही त्याला रिकामाच लागे. आम्ही हसायचो.

"पाठ तिची हाय, दादा," तो म्हणायचा. "आपण नुसते बसणारे."

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर जालन्याच्या घोडेस्वार पोलिसांत आम्ही बरोबरच भरती झालो. तो काडीसारखा, मी दोन मणांच्या वर. उतार लागला की तो उतरून घोडीबरोबर चालायचा. लांबच्या गस्तीहून परतल्यावर तिची पाठ स्वच्छ, माझ्या घोड्याची सुजलेली. साहेब सगळ्यांदेखत ते दाखवायचे. तेही सोसलं असतं. पण त्याची चाहूल लागली की माझाच घोडा कान टवकारायचा. ते मला सोसवेना.

दरवर्षी बदनापूरपर्यंत दोन फेऱ्यांची चाल, म्हणजे घोडेस्वारांची शर्यत असे. आधी येणारा जिंकत नसे. ज्याचं जनावर शेवटी धड, तो जिंके. त्या वर्षी साहेबांनी मला वगळलं. "घोड्यानं काय पाप केलंय?" म्हणाले, आणि खोगिरं कसायला लावलं. त्याचं खोगीर कसताना मी कप्प्यात चार जुने नाल कोंबले. वाजू नयेत म्हणून चिंधीत गुंडाळले. मग हात पुढे करून त्याची डबी घेतली.

संध्याकाळी तो घोडीला लगामानं धरून चालत आला. तिच्या पाठीवर डावीकडे तळहाताएवढी कातडी सोलली होती. मी धावत जाऊन खोगीर उतरवलं, आडोशाला नेऊन कप्पा रिकामा केला.

"खोगीर सारखं सरकून राह्यलं होतं," तो म्हणाला. "दोनदा पट्टा आवळला. मीच वाकडा बसलो असंन. जड झालो, दादा."

डबी मागायचं त्याला सुचलं नाही.

ती घोडी पुन्हा खोगिराखाली आली नाही. त्यानं रात्रीची भाकरी सोडली. मग घोड्यावर बसणंही सोडलं. पायी पहाऱ्यावर बदली मागून घेतली.

काही वर्षांनी बदनापूर स्टेशनवर भेटला. नुसती हाडं. मी डबी पुढे केली. तेवढीच हिंमत झाली.

"राहू द्या तुमच्यापाशीच," तो हसला. "तेवढाच भार कमी."

गाडी आली. तो चढला, दारातून हात केला.

तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. डबी माझ्यापाशी आहे, आणि फलाटावर ओठापर्यंत येऊन राहिलेलं वाक्यही: नाल मी ठेवले होते, मला माफ कर.