पारावरची दोन माणसं

निरोप या गोष्टीवर माझ्या थोरल्या चुलतभावाइतका जीव टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि ज्याच्यापर्यंत कुठलाच निरोप वेळेवर पोचत नाही असा माणूसही उभ्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. सगळं जग ज्या एका अ‍ॅपवर लग्नं ठरवतं, भांडतं आणि श्रद्धांजली वाहतं, ते दादाच्या फोनमध्ये कधीच नव्हतं. बारसं त्याला उष्टावणानंतर कळायचं आणि मयत दहाव्यानंतर. कारण विचारलं की म्हणायचा, "दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घरच्या गोष्टी बोलू नयेत. ओसरी त्याची, कानही त्याचेच."

तो हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि मारुंजीत भाड्यानं राहायचा. सोसायटीत पाणी बंद राहणार असल्याच्या सूचना अर्थातच त्या अ‍ॅपवर यायच्या, त्यामुळे अंगाला साबण लावून कोरड्या नळाखाली उभं राहण्याचा अनुभव त्याच्याइतका कुणाच्या गाठी नसेल. शेवटी त्यानं वार्षिक सभेत प्रस्ताव मांडला. गप्पा मारण्याचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. आतली सगळी रचना कुणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते, आपल्याच कॉम्प्युटरवर ते चालवता येतं. त्यानं ते चालू केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'पार'. गावातला पार जसा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, तसा. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, अकरा जणांनी खाती उघडली, आणि आठवड्यानं पारावर सोसायटीतले दादा आणि वॉचमन असे दोघेच उरले. वॉचमन बिहारचा, त्याला दादाचं मराठी कळायचं नाही. तरी रोज सकाळी तो इमानानं हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. कुणाच्याही लग्नात दादा आहेराच्या पाकिटात नवरा-नवरीच्या पारावरच्या खात्यांचे पासवर्ड लिहून द्यायचा. त्यावरून एका नवरीच्या वडिलांनी पाकीट उलटंसुलटं करून, प्रकाशाकडे धरून पाहिलेलं मला चांगलं आठवतं.

मग कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि दादानं पौडच्या पुढे, माल्याला, दोन खोल्यांचं घर घेतलं. एकटा जीव. एका खोलीत तो, दुसरीत पाराचा कॉम्प्युटर. शेजारी एक धनगर कुटुंब, शेरडं राखणारं. त्यातल्या म्हाताऱ्याला त्यानं महिनाभर पार वापरायला शिकवलं. म्हातारा एके दिवशी म्हणाला, "दादा, तुमचं यंत्र लई भारी हाय. पर आमचं एक बी पाव्हणं त्यात न्हाई. मी बोलू कुनाशी, शेरडांशी?" दादा ते हसत हसत सांगायचा.

पारावरचं एकच माणूस त्याला कधी सोडून गेलं नाही. माझी आई. दादा कॉलेजात असताना चार वर्षं आमच्याकडे होता, तेव्हापासून दोघांचं गूळपीठ. नांद्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ती एकटीच असायची, आणि मोठ्या अ‍ॅपवर चाळीस नातेवाइकांची फुलं नि सुविचार पाहून कंटाळायची. पारावर ती दादाला लिहायची. आज काय भाजी केली, समोरच्या शेतात नवी इमारत कितव्या मजल्यावर आली. "काकू, काही लागलं तर इथं लिही," असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी माल्यात सकाळपासून वीज नव्हती. इन्व्हर्टर अकराच्या सुमारास बसला आणि पार बंद पडला. दादा शांतपणे बांधावर गवत काढत होता. दोन वाजून गेल्यावर वीज आली, फोन वाजला. आईचा निरोप होता, दोन तासांपूर्वी लिहिलेला आणि तिच्या फोनमध्ये अडकून पडलेला. "गरगरतंय. हात उचलत नाही. येतोस का?"

त्यानं मला फोन केला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "काकूकडे धाव. मी निघालोय."

आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती, शुद्धीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, पण उजवी बाजू आणि जीभ पूर्वीसारखी होईल असं सांगता येत नाही. दोन तास आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी. दादा तेवढ्यात पोचला होता, हातांना माती तशीच. मी त्याला म्हणालो, "तुझ्या तत्त्वांनी माझ्या आईची वाचा नेली."

तो भिंतीला टेकून उभा राहिला.

खरं म्हणजे तिनं मला का फोन केला नाही, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मीटिंगच्या वेळात फोन करत जाऊ नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. पण ते कबूल करायला मला दोन आठवडे लागले. मी माफी मागितली तेव्हा दादा म्हणाला, "तू चुकलास ते तुझं. पण इन्व्हर्टर माझा होता."

आई घरी आली त्या आठवड्यात तो आला, तिच्या उशाशी बसला आणि स्वतःच्या फोनमध्ये त्यानं मोठं अ‍ॅप घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिच्या फोनमधून पार काढून टाकला. "काकू, आता इथं लिहायचं. हे कधी बंद पडत नाही." आईनं फोनकडे पाहिलं. डाव्या हाताच्या एका बोटानं, कितीतरी वेळ लावून, तिनं अक्षरं शोधली आणि पडदा त्याच्यापुढे धरला.

"इथं गर्दी आहे. आपला लाव."

दादा उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानं पार परत लावला. पुढच्याच आठवड्यात माल्याच्या छपरावर सौर पॅनेल चढली, खाली नव्या बॅटऱ्या आल्या, आणि माझ्या फोनचा नंबर आईच्या फोनवर एका बटणाला जोडला गेला. ते बटण मीटिंगमध्येही वाजतं.

आता दादा रोज चारला मोटरसायकलवरून येतो. आईचं बोलणं अजून नीट उमटत नाही, म्हणून ती लिहिते. तोही लिहूनच उत्तर देतो, कारण त्याचं म्हणणं, एकानं बोलायचं आणि एकानं लिहायचं हे बरं दिसत नाही. दोघं एकाच पलंगावर, वीतभर अंतरावर. तिचा शब्द नांद्याहून माल्याला जातो आणि तिथून फिरून शेजारी येतो. खोलीत आवाज म्हणून नसतो. मधेच आईचे खांदे हलतात, तेव्हा कळतं की ती हसतेय.

परवा मी दारातूनच म्हणालो, "दादा, मलाही पारावर घे की."

त्यानं तिला लिहून विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश बरंच काही लिहिलं. दादानं ते वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बघू."