तळपायावरचा तीळ

आई गेल्याचं मला इराने कळवलं. इरा माझी मुलगी, सतरा वर्षांची, इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थ शहरातच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत. आजीने 'अजून एक पोळी वाढू का' विचारायचं आणि हिने 'नो, आय्म गुड' म्हणायचं, आणि तरी आजीने वाढायची, असं दोघींचं वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं. त्या दिवशी सकाळी आईंना हॉस्पिसमध्ये पाहून मी तासाभरासाठी माझ्या संशोधन संस्थेत गेलो होतो. फोन थरथरला. पडद्यावर देवनागरीत दोनच शब्द होते, 'आजी गेली.' ती अक्षरं तिने कशी शोधून उमटवली असतील... मी तिला अजून विचारलेलं नाही.

आई म्हणजे माझ्या बायकोच्या, मेधाच्या आई. सुलभाबाई. सासरे गेल्यावर पुण्यातला फ्लॅट बंद करून त्या कायमच्या आमच्याकडे आल्या. त्या मला शिरीषराव म्हणत, अहोजाहो करत, आणि मी जेवून उठल्याशिवाय ताटाला हात लावत नसत. मेधाने यावरून डोकं आपटून पाहिलं, उपयोग झाला नाही. इकडे हीच बाई सुती साडीवर मेधाचं जुनं फ्लीसचं जाकीट चढवून, पायांत इथे जँडल्स म्हणतात त्या रबरी स्लिपर घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, म्हणजे इथल्या डेअरीत, एकटी जायची आणि दारातूनच इथल्या 'किया ओरा' या नमस्काराला 'हो' जोडून 'किया ओरा हो' म्हणायची. तो 'हो' आमच्या गल्लीत अजून दोघंतिघं लावतात.

मी त्वचेच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर काम करतो. डॉक्टर नाही, माहितीचे तक्ते पाहणारा माणूस आहे. आई मात्र पुण्याला फोनवर सांगायच्या, 'आमचे जावई कातडीचे शास्त्रज्ञ आहेत.' त्यामुळे त्यांच्या अर्ध्या मैत्रिणींची समजूत अशी, की मी चपलांच्या कारखान्यात आहे.

आमच्या गटाचं काम मेक्सिको, कोलंबिया, पेरू या भागांतल्या लोकांवर चालतं. कोलंबियाची पिलार माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. एकदा ती घरी जेवायला आली तेव्हा आई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'अहो, ही तर आपल्या साताऱ्याकडची वाटते.' पिलारच्या टेबलावर एक फोटो आहे, ती आणि तिचा सख्खा भाऊ. ती गव्हाळ, तो तांबड्या केसांचा, अंगभर वांगासारखे ठिपके. आई एक, बाप एक. तिथल्या माणसात मूळचे रहिवासी, युरोपातून आलेले, आफ्रिकेतून आणलेले असे सगळे पूर्वज मिसळलेले असतात, आणि एका घरातली भावंडंसुद्धा त्यातलं वेगवेगळं घेऊन जन्मतात. त्यांना सरसकट 'हिस्पॅनिक' म्हटलं, की त्वचेच्या कर्करोगाचा धोका कोणाला किती, यातलं काहीच कळत नाही. सावळ्या रंगाआडही धोका वाढवणारं जनुक लपलेलं असू शकतं. शिवाय या रोगाचा एक प्रकार असा, की त्याला उन्हाशी फारसं देणंघेणं नाही. तो तळपायाला होतो, नखाखाली होतो. गोऱ्या माणसांत त्या रोगाचे दुसरेच प्रकार जास्त. सावळ्यांत मुळात रोग कमी, पण झाला तर बरेचदा हाच, आणि कळतो उशिरा, कारण आपल्याला काय होतंय या भरवशावर कोणी बघतच नाही. हे मी इतकं सविस्तर एवढ्यासाठी सांगतोय, की मला हे सगळं ठाऊक होतं. आईंनी मला पाय दाखवला त्या दिवशीही ठाऊक होतं.

आई जाण्याच्या अडीच वर्षं आधीचा, तो जानेवारीतला रविवार होता. इथला उन्हाळा. मेधा इराला घेऊन पोहायला गेली होती. आई न्हाऊन घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात बसल्या होत्या आणि वज्रीने टाचा घासत होत्या. त्यांची ती पितळी वज्री, वर मोर, पोटात वाजणारे दाणे. घासायला लागल्या, की घरभर खुळखुळ ऐकू यायची. मी चहा घेऊन बाहेर गेलो तर त्यांनी थांबवलं.

'शिरीषराव, जरा बघता का? घासून जात नाहीये. मेधाला नको बोलायला, ती लगेच डॉक्टर डॉक्टर करेल.'

त्यांनी उजवा पाय जरा पुढे केला आणि लगेच साडीचा काठ ओढून अर्धा झाकून घेतला. टाचेच्या पुढे, तळव्यावर, मसुरीएवढा काळा डाग. कडेला किंचित पसरलेला. मला तो उभ्यानेच दिसला. खाली बसायला हवं होतं, पाय हातात घेऊन उजेडाकडे वळवायला हवा होता. पण आमच्या लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले तेव्हा तांब्यातून पाणी ओतणाऱ्या याच होत्या. त्यांचा पाय मी हातात घ्यायचा, म्हणजे त्या किती अवघडतील... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर अवघडलो होतो मी. मग मला सुचलं ते बोलून मोकळा झालो.

'अहो आई, तळपायाला तीळ म्हणजे परदेशाचा योग. तुम्ही तो खरा करून दाखवलात की.'

त्या मनापासून हसल्या. संध्याकाळी पुण्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं, पुढच्या वेळी पिलार जेवायला आली तेव्हा तिलाही मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पिलार हसली नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली, 'तू नीट पाहिलास ना?' मी मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. आईंचा तर होताच. कातडीचे शास्त्रज्ञ म्हणाले तीळ, म्हणजे तीळ.

पुढच्या उन्हाळ्यात मेधाला त्यांच्या जँडलवर रक्त दिसलं. तोवर डाग चिंचोक्याएवढा झाला होता आणि जांघेत गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी कळलं असतं तर काय झालं असतं हे खात्रीने सांगता येत नाही. मेधा त्या वाक्याला धरून राहिली. मला ते धरवलं नाही. 'एकदा दाखवून या' एवढं म्हणायला डॉक्टर असावं लागत नाही.

दीड वर्ष उपचार चालले. त्यांनी ते सासुरवासासारखे, म्हणजे तोंडाने कुरकुर आणि मनातून पक्क्या, असे काढले. नर्सला पुरणपोळीची कृती लिहून दिली, तीत चूक राहिली म्हणून पुन्हा लिहून दिली. शेवटच्या पंधरवड्यात, हॉस्पिसमध्ये, पायांना सूज असायची, रोज तेल लावावं लागे. मेधा घरी गेली की मी लावायचो. आता पाय हातात घ्यायला मला काही वाटत नव्हतं आणि त्यांनाही नाही. अशाच एका दुपारी मी म्हणालो, 'आई, मी त्या दिवशी नीट पाहिलं नाही. मला शंका यायला हवी होती.'

'ठाऊक आहे मला,' म्हणाल्या. 'तुम्ही वाकला नाहीत तेव्हाच कळलं होतं. मीच तरी पाय कुठे धड पुढे केला.' मग जरा हसून, 'आणि प्रवासाचा योग म्हणालात, ते काय खोटं झालंय?' तेव्हा त्या पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाल्या, 'शिरीष, हे मेधाला सांगू नकोस. तिला तुझ्याबरोबर राहायचंय.'

त्या गेल्यावर त्यांचा तो शब्द मी तेरा दिवस पाळला. चौदाव्या दिवशी मेधाला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, 'मी घरी नव्हते तेव्हा?' मी हो म्हणालो. त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. 'भात लावलाय', 'कचऱ्याची बिन बाहेर ठेव'. मी समजूत घालायला गेलो नाही.

आईंच्या साड्या मेधाने वाटून टाकल्या, फ्लीसचं जाकीट इराने ठेवून घेतलं. वज्री मात्र बाथरूमच्या फळीवर तशीच आहे, कोणी हलवली नाही. मेधाला सांगितल्याच्या दहाव्या दिवशी, रविवारीच, आतून खुळखुळ ऐकू आली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. थोड्या वेळाने मेधा टाचा पुसत बाहेर आली, डेकवरच्या आईंच्या खुर्चीत बसली आणि मला हाक मारली. मी गेलो. तिने पाय पुढे केला.

'बघ,' म्हणाली. 'खाली बसून बघ.'

मी बसलो. पाय मांडीवर घेतला, टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या, एकेक नख. मग दुसरा. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वज्री वाजते आणि हाक येते. हा लेख मेधाने वाचला, एक शब्द दुरुस्त केला आणि पाठव म्हणाली. मथळ्यात मी 'डाग' लिहिलं होतं, तिथे तिने 'तीळ' केलं.