कपाळाला लावलेलं मत

“थांबवा! तिनं त्या बॅलटला काहीतरी केलंय!”

चॅलेंजर ओरडला आणि अख्खा हॉल आमच्या टेबलाकडे वळला. चॅलेंजर म्हणजे उमेदवाराचा माणूस. मोजणीवर नजर ठेवतो, शंका आली की हरकत घेतो. सिनेटची सीट, म्हणजे इथल्या, अमेरिकेच्या संसदेतली जागा, अगदी थोड्या मतांवर अडकली होती. म्हणून रिकाउंट, हाताने फेरमोजणी. मी सुपरवायझर.

‘ती’ म्हणजे जवळच्या ट्रॉय गावातल्या सुलभाकाकू. नागपूरच्या बँकेतून रिटायर होऊन मुलीकडे आल्या, पुढे सिटिझन झाल्या. मीच त्यांना मोजणीला बोलावलं होतं. झालं एवढंच, की एक बॅलट, म्हणजे मत दिलेला कागद, खाली पडलं आणि त्याला काकूंचा पाय लागला. त्यांनी ते उचललं, कपाळाला लावलं, मग टेबलावर ठेवलं.

“मंदार, कागदाला पाय लागला रे. नमस्कार नको करू?” काकू मला म्हणाल्या.

काचेबाहेरून कुणीतरी फोनवर शूट केलं होतं. बघता बघता व्हिडिओ बाहेर जमलेल्या समर्थकांच्या घोळक्यात फिरला. लोक काचेवर बुक्के मारायला लागले. “तिला बाहेर काढा!” खोटं कशाला बोलू, माझी पार तंतरली होती. काच फुटली तर या बाईंना लपवायचं कुठे?

माझी बॉस लिंडा धावत आली. “कसली खूण केली तिनं?”

“खूण नाही. माफी मागितली.”

“कुणाची?”

“कागदाची.”

लिंडानं ते बॅलट मागितलं.

बॅलट सगळ्यांसमोर कॅमेऱ्याखाली धरलं. खाडाखोड नाही, डाग नाही. मत निघालं चॅलेंजरच्याच उमेदवाराचं! पठ्ठ्यानं गुपचूप हरकत मागे घेतली. पण बाहेरच्यांना हे कोण सांगणार? बुक्के चालूच. शेवटी पोलिसांनी काकूंना मागच्या दारानं गाडीपर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो. आल्या. टिकली न लावता.

दुपारी पुन्हा एक बॅलट पायाशी पडलं. काकूंनी उचललं. हात सवयीनं वर गेला, अर्ध्यात थांबला. त्यांनी काचेकडे पाहिलं, आणि बॅलट तसंच टेबलावर ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

रिकाउंटनं निकाल बदलला नाही. मोजणीच्या लोकांना मी देतो त्या ट्रेनिंगमध्ये मात्र एक वाक्य वाढलं: पडलेलं बॅलट उचलायचं, सरळ टेबलावर ठेवायचं, बाकी काही करायचं नाही. ते सांगताना मी काकूंकडे बघत नाही.