सावंतकाकांनी न मारलेल्या रेघा

मुळात मी संशयी बाई. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी आधी बघशील की मूर्ती कालचीच आहे ना. त्यामुळे भूतखेत, करणी, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो, यात फायदा कोणाचा? आणि उत्तर मिळतंच. पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही माझा हा प्रश्न फुकट गेला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काहीजण म्हणतील, बाईला असलं दिसायची हौस असेल. हौस नाही हो. डोकेदुखी झाली आहे.

मी मुलुंड पूर्वेला एका छोट्या मराठी वाचनालयात ग्रंथपाल आहे. पहिला मजला, खाली शिकवणीचे क्लास, वेळ चार ते आठ, रविवार-सोमवार बंद. सभासद बहुतेक साठीपुढचे. आता वाचनालयवाल्यांना माहीत असलेली एक गोष्ट सांगते. जुने वाचक पुस्तकात गुपचूप खूण करतात. एकच कादंबरी पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. कोणी पान एकोणीसच्या कोपऱ्यात टिंब देतं, कोणी शेवटच्या पानावर छोटं फूल काढतं. आम्ही ओरडतो, ते ऐकत नाहीत. वीस वर्षांत मी खुणेवरून माणूस ओळखायला लागले होते. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

मागच्या वर्षी परत आलेल्या एका कादंबरीत काळ्या रेघा दिसल्या. पेनाने, पट्टी लावून, ओळीच्या ओळी खोडलेल्या. खालचं अक्षर दिसू नये अशा. उजेडात धरून वाचलं तर नवरा-बायकोच्या खोलीतला प्रसंग. पुढे एक शिवी. पुढे बाई दारू पिते तो परिच्छेद. म्हटलं, आला कोणीतरी संस्कृतिरक्षक! असे लोक असतात आमच्याकडे. एका आजींनी पूर्वी चुंबनावर स्टिकर चिकटवला होता. पण महिन्याभरात अशी पाच पुस्तकं झाली. अध्यक्ष वैतागले.

मी पाचही पुस्तकं टेबलावर मांडून बसले. पाचांतही पान एकावन्नवर पेन्सिलची बारीक बरोबरची खूण. ती सावंतकाकांची.

सावंतकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात. बायकोची नजर मधुमेहाने गेली, तेव्हापासून रोज दुपारी ते तिला पुस्तक वाचून दाखवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला हजर. कधी पान दुमडलेलं नाही, कधी उशीर नाही. तरीही मी काय केलं? मंगळवारी काउंटरवर चार माणसं असताना पाचही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली.

"काका, ही खूण तुमची ना?"

"माझीच."

"आणि या रेघा?"

त्यांनी चष्मा सारखा केला, पानं उलटली. "नाय मॅडम. पुस्तकाला पेन नाय लावणार मी."

"पेन्सिल चालते, पेन नाही? वा!"

मागे कोणीतरी हसलं. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. काकांनी खिशातून सभासद कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हिचा दुपारचा वेळ जायचा एवढंच," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. संध्याकाळी मी सभासदत्व रद्द केल्याची सूचना फळ्यावर लावली. नावासकट.

पंधरवडा गेला. एका शनिवारी दुकानातून नव्या पुस्तकांचा खोका आला. आठ वाजत आले होते, म्हणून शिक्का, नंबर काही न घालता मी सगळी पुस्तकं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली एकच आणि ती माझ्या पर्समध्ये असते. मंगळवारी कपाट उघडलं, शिक्का मारायला एक जाड कादंबरी घेतली, पानं सुटी करायला फर्रकन उलटली...

काळ्या रेघा. पट्टी लावून. तशाच.

मी खुर्चीत बसले. मग आधी दुकानदाराला फोन करून झापलं, की वापरलेलं पुस्तक नवं म्हणून खपवता काय. तो बिचारा शपथा घ्यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी दुसरी प्रत देऊन गेला. ती कोरी होती. मग मी कुलूप तपासलं. मग खरं सांगते, घरी जाऊन माझ्याच पर्समधली पेनं तपासली. झोपेत चालते का मी, असं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "झोपेत तू फक्त भांडतेस."

एक मात्र नक्की होतं. हे काम सावंतकाकांचं नव्हतं. मग आधीची पाच तरी त्यांची कशावरून?

गुरुवारी दुपारी दोन्ही प्रती पिशवीत टाकून मी त्यांच्या घरी गेले. पुनर्विकासाला निघालेली, अर्धी रिकामी झालेली बिल्डिंग. काकू खिडकीशी कॉटवर पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला आल्या होत्या, त्याच्या निम्म्या झालेल्या.

"कोण इला?" त्यांनी विचारलं.

"लायब्ररीच्या मॅडम."

मी हात जोडले, माफी मागितली. कपाटाची हकिगत सांगितली. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "फळ्यावरचं नाव तेवढं काढा. लोक विचारतात." मला रडू आलं. मी कोरी प्रत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आजपासूनच काकूंना वाचून दाखवा, मीपण ऐकते.

आता स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. माफी मागितली, तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, बघू तरी. म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केल्यावर मी ती रेघांची प्रत मांडीवर उघडून धरली.

काका छान वाचतात. संथ, मालवणी हेल लावून. चौदाव्या पानावर पहिल्या रेघा होत्या. काका तिथे पोचले, किंचित खाकरले आणि पुढचं वाक्य वाचलं. रेघांच्या नंतरचं. मला वाटलं, योगायोग. बाविसाव्या पानावर एक शिवी खोडलेली होती, ती त्यांनी गाळली. एकतिसाव्यावर सबंध परिच्छेद. त्यांच्या हातातलं पान कोरं होतं, मी उठून, पाणी घ्यायच्या निमित्ताने, डोकावून बघितलं. रेघा माझ्या प्रतीत होत्या आणि ते त्यांच्या प्रतीत गाळत होते! एकही शब्द इकडेतिकडे नाही.

"काका, हे पुस्तक आधी वाचलंय तुम्ही?"

"नवीन ना ता?"

"मग मधलं सोडता का?"

ते लाजले. अक्षरशः कानापर्यंत लाल. "आता काय सांगू... घाणेरडं असलं की मी सोडतो. हिच्यासमोर तोंडातून येत नाय. वाचायच्या आधी डोळे पुढे जातात ना, तेव्हा वाटतं, हे इथे नसतं तर बरं. पण पेन नाय लावलं कधी, देवाशपथ."

काकू कॉटवरून हसल्या. "माका सगळा कळता. सोडतत तेव्हा श्वास अडकता हेंचो. मग मी मनात भरतंय काय भरूचा ता."

मी हसले नाही. मी पुढची पानं चाळत होते. पान सत्तेचाळीसवर सहा ओळी खोडलेल्या होत्या, आणि आजूबाजूचं वाचून कळत होतं की तिथे घाणेरडं काही नाही. एक म्हातारा, त्याची आजारी बायको, दवाखान्यातून परत येतात. एवढंच. ते का खोडावं कोणी?

काका त्या पानावर आले. थांबले. श्वास अडकलेला या वेळी मलाही ऐकू आला. मग त्यांनी पुढचा परिच्छेद सुरू केला.

"अवो," काकू म्हणाल्या. "आता काय सोडलात?"

"काय नाय गो."

"घाण नव्हती ती. तुमचो आवाज येगळो झालो. वाचा."

"नको गो."

"मी आंधळी झालंय, भैरी नाय. वाचा ता."

काकांनी वाचलं. त्या सहा ओळी माझ्या मांडीवर काळ्याकुट्ट होत्या आणि मी त्या त्यांच्या तोंडून ऐकत होते. म्हाताऱ्याला डॉक्टर बाजूला घेऊन सांगतो की बायकोचे थोडेच दिवस उरलेत, आणि तो ते तिला सांगत नाही.

मग काकूंनी हात पुढे केला, हवेतच. काकांनी तो धरला.

"आता माजो रिपोर्ट वाचा," काकू म्हणाल्या. "तेव्हा वाचून दाखवलात, त्यात पण श्वास अडकलेलो."

मी उठायला हवं होतं. उठले नाही. काका कपाटाकडे गेले, हॉस्पिटलची फाइल काढली, कॉटवर बसून उघडली आणि तसेच बसून राहिले. मी त्यांच्या मागेच होते. कागद इंग्रजीत टाइप केलेला. वर नाव, वय, तारीख. आणि खाली, जिथे निदान लिहिलेलं असतं तिथे, चार ओळींवर काळ्या रेघा. पट्टी लावून मारलेल्या.

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. काउंटरवर बघितलं होतं तसंच.

"मी नाय केलंय, मॅडम."

"माहीत आहे काका," मी म्हटलं. पहिल्यांदाच कोणाच्या तरी शब्दावर मी पुरावा न मागता विश्वास ठेवला.

त्यांनी फाइल मिटली. चष्मा काढला. "वाचूक नको. माका पाठ आसा," ते काकूंना म्हणाले. "डॉक्टर बोललो..."

मी चपला हातात घेऊन बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी फळ्यावरची सूचना काढली आणि दुसरी लावली, की सावंतांवरचा आरोप चुकीचा होता, चूक माझी. अध्यक्ष म्हणाले, "मग केलं कोणी, ते लिहा ना." मी म्हटलं, ती ओळ तुम्हीच लिहा.

काकू दिवाळीच्या आधी गेल्या. सगळं माहीत असताना गेल्या. काका म्हणाले, शेवटचे दोन महिने खूप बोललो आम्ही, लग्नानंतर बोललो नव्हतो एवढं. त्या गुरुवारनंतर आमच्या एकाही पुस्तकात रेघ आलेली नाही. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पान न् पान तपासते. दुकानदार, किल्ली, काका, मी स्वतः... सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कोणाचा काय फायदा, हा माझा हुकमी प्रश्नही विचारून झाला. उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर कळवा, पण काकांना विचारायला जाऊ नका. ते मंगळवारी साडेचारला येतात, पुस्तक नेतात, आणि त्या रिकाम्या कॉटशी बसून मोठ्याने वाचतात. शेजारीण सांगत होती, आता ते काहीच गाळत नाहीत.