फुगलेली बॅटरी

माझा नवरा कल्याणच्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करायचा. तेव्हा आम्ही आसनगावला भाड्याच्या खोलीत राहत होतो. एका सकाळी दात घासताना ह्यांच्या हातातून ब्रश पडला आणि उजवी बाजू लुळी झाली ती झालीच. जीभही जड झाली. खोली सोडून आम्ही वैशाखऱ्याला, सासरच्या घरी परतलो.

घर चालवायला मी टायपिंगचं काम धरलं. जुन्या हस्तलिखित कागदांचे फोटो यायचे, ते मराठीत टाइप करून पाठवायचे. लॅपटॉप ह्यांचाच, जुना. आमच्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणजे सगळी भिस्त बॅटरीवर.

ती सांभाळायचं काम ह्यांनी आपणहून घेतलं. खाटेवर पडल्या पडल्या विचारायचे, "किती झाली गो?"

"ऐंशी."

"मंग काढ. भरून भरून ठेवू नको."

वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, गादीवर ठेवून काम करायचं नाही, खालून वारा लागला पाहिजे, दुपारी पत्रा तापला की मशीन ओटीवरच्या गारव्यात न्यायचं. एकेक वाक्य जुळवायला ह्यांना वेळ लागायचा. मी थांबून ऐकायचे. दिवसभरात ह्यांच्या तोंडून बाहेर पडणारं बोलणं बहुतेक एवढंच असायचं.

एप्रिलमध्ये काम वाढलं. लाइट सारखी जायची, म्हणून मी चार्जर लावूनच ठेवू लागले. पाठ दुखायची, तेव्हा गादीवर बसून मशीन गोधडीवर ठेवायचे. हे रोज टोकत होते. एका दुपारी टाइप केलेली पानं सेव्ह न होताच गेली होती, वर पत्रा तापलेला, आणि ह्यांनी पुन्हा विचारलं, "किती झाली?"

मी म्हटलं, "तुमाला दुसरा काय उद्योग नाय का? काम मला करायचंय. गप पडा जरा."

हे गप्प झाले. दुसऱ्या दिवशीही काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पूर्ण महिना मशीन चार्जरला लावलेलं राहिलं.

मेच्या शेवटी टचपॅड दबेनासा झाला. झाकणही नीट मिटेना. मी जोर लावत होते, तेवढ्यात हे खाटेवरून म्हणाले, "दाबू नको. बॅटरी फुगलीय. वायर काढ, बंद कर." किती दिवसांनी एवढं बोलले.

मुरबाडला गाडी बदलून मी शहापूरला गेले. दुकानदाराने खालचं झाकण उघडलं. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"सतत चार्जिंगला असायचा का? गादीवर?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"घरात कोणी सांगितलं नाही?"

मी नव्या बॅटरीची किंमत विचारली. कंपनीची बॅटरी आता मिळत नव्हती, दुसरी बसवून घेतली.

घरी आल्यावर ह्यांच्या उशाशी बसले. "माझं चुकलं," म्हटलं. "तुमी सांगत होता, तसंच झालं."

ह्यांनी डाव्या हाताने मशीन उलटं केलं, खालच्या स्क्रूवरून बोट फिरवलं. "एक ढिला हाय," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. दुसऱ्या दिवशी मीच हाक मारली, "ऐंशी झाली हो. काढू?"

"तुला ठाऊक हाय सगळं," हे म्हणाले आणि कुशीवर वळले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. पावसाळा लागायच्या आत ह्यांनी खाट ओटीवर हलवायला लावली. तिथून माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. मी आत टाइप करत बसते आणि मधूनमधून मुद्दाम टक्के सांगते. कधी हुंकार येतो, बहुतेक वेळा तोही येत नाही.